पाठीमागचं नाव

जाई जीपने बंजाऱ्यांच्या तांड्यावर तिसऱ्यांदा आली, तरी मिराबाईचं म्हणणं तेच होतं. "ही काय भाषा हाय का बाई? माही नणंद मुकी. हातवारे करती, आमी समजून घेतो."

जाई विद्यापीठात भाषांचा अभ्यास करायची, बोलण्याच्याही आणि हातांच्याही. मिराबाईची नणंद शिला जन्मापासून बहिरी, शाळेचं तोंड न पाहिलेली, आणि तरी तांड्यातल्या वीसेक माणसांशी दिवसभर गप्पा मारते, हे कळल्यापासून जाईला चैन नव्हती. "तुम्ही घरात गोरमाटी बोलता, बाजारात मराठी, आणि शिलाताईंशी ही तिसरी," ती म्हणायची. मिराबाईला ते ऐकायला बरं वाटायचं, पण पटायचं नाही.

त्या दिवशी मिराबाई बाजाराला गेली होती. शिला आणि तिचा भाऊ थावरा, म्हणजे मिराबाईचा नवरा, ओसरीत हळकुंडं निवडत बोलत बसले होते. जाईने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेतला. दुपारी मिराबाई परतल्यावर जाईने तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि एकेका खुणेचा अर्थ विचारू लागली.

मिराबाई भराभर सांगत होती. हे 'उद्या'. हे 'पाव्हणे'. मिशीला पीळ दिला की सासरे. आणि मग ती अडली. पडद्यावर शिलाने कपाळाजवळ दोन बोटांनी काहीतरी धरल्यासारखं केलं आणि अलगद डोक्यामागे टाकलं. तीच खूण पुन्हा चारदा आली. थावरा हसत होता.

"हे न्हाई माईत मला," मिराबाई म्हणाली. तिला जरा लागलंच. बावीस वर्षं या पोरीसंगं काढली, आणि बहीणभावांनी आपल्यापासून काही राखून ठेवलंय? "माझ्यासमोर तिनं कधीच केलं न्हाई हे."

"तुमच्यासमोर कशाला करतील?" जाई म्हणाली. "ही खूण केली की त्या दर वेळी बाजाराच्या वाटेकडे बोट दाखवतात. ते तुमचं नाव आहे, मिराताई. तुम्ही समोर असलात की त्या तुमच्या खांद्याला हात लावतात. नाव लागतं ते तुम्ही नसताना."

मिराबाई तडक ओसरीत गेली. "काहून सांगितलं न्हाई मला?"

थावरा गोंधळला. "तुला माईत न्हाई? सगळा तांडा तिच्याशी बोलताना तुला हेच म्हनतो. अर्थ तिलाच इचार."

मिराबाईने शिलासमोर बसून ती खूण करून दाखवली. शिला चोरी पकडल्यासारखी लाजली. मग हळकुंडं बाजूला सारून तिचे हात सांगू लागले. मी एवढीशी. घरात लग्नाची गर्दी. नवी नवरी, तोंडावर घुंगट. झाकल्या चेहऱ्याचं मला काहीच कळत नव्हतं, मी रडकुंडीला आलेली. आई, म्हणजे तिची सासू, शेजारी बसलेली असताना नवरीने घुंगट वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि बोटं तोंडाशी नेऊन विचारलं, जेवलीस का?

मिराबाईला हे आठवत नव्हतं. नव्या घरात सासू पहिल्यांदा रागावली होती एवढं पक्कं आठवत होतं, कशापायी ते मात्र नाही. सासू गेल्यावर घुंगटही सुटला होता. नाव तेवढं या पोरीने बावीस वर्षं चालवलं होतं.

"येडी," ती गोरमाटीत म्हणाली आणि तिने शिलाचं डोकं छातीशी ओढलं. थावरा उगाच उठून पाणी प्यायला गेला.

जाईने थोड्या वेळाने विचारलं, "आणि मला काय म्हणतात त्या?"

मिराबाईने खुणेने विचारलं. शिलाने हसून उत्तर दिलं. मिराबाई म्हणाली, "तुमी इथंच बसलेल्या हाव म्हनती. कशाला पायजे नाव?"

संध्याकाळच्या जीपने जाई गेली. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना शिलाने राखेच्या हातांनी विचारलं, कधी येणार? आणि कोण ते सांगायला तिने ओढणीचं टोक धरून मोबाइलची काच पुसल्यासारखं केलं. जाई दर दोन मिनिटांनी तशीच पुसायची.

मिराबाई हसत सुटली. मग तिनेही ओढणीचं टोक धरलं, काच पुसली आणि बोटांवर दिवस मोजून दाखवले.