पाटीवरचं अक्षर

सिग्नल सुटून गाड्या निघाल्या तरी बाबा रस्त्याच्या मधोमध मान वर करून उभेच होते. थोरलीनं त्यांचा दंड धरला आणि ओढतच त्यांना फुटपाथवर आणलं. मागून बसनं जोरात हॉर्न दिला. ड्रायव्हर काचेआडून तोंड हलवत होता. काय म्हणत असेल ते ऐकायची गरज नव्हती.

"बाबा, एखाद्या दिवशी जीव घालवून बसाल!"

"ती बघ." त्यांनी चपलांच्या दुकानावर बोट दाखवलं. "रंगवलेली आहे. छापलेली नाही."

निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं होती, उन्हानं विटलेली. थोरली क्षणभर बघत राहिली. 

"त्याची नाही ही," बाबाच म्हणाले. "त्याच्या अक्षराचं शेपूट खाली जाता जाता बारीक होतं. हा कुणीतरी घाईचा माणूस आहे."

आणि ते पुढे चालू लागले.

धाकट्याला घर सोडून बरीच वर्षं झाली होती. बाबा सुतार; दारं-खिडक्या करण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पोरानं रंधा धरावा म्हणून ते हट्टाला पेटले होते, आणि पोरानं ब्रश धरला होता. एक दिवस गिऱ्हाइकांसमोर त्यांनी त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि त्याचे रंगाचे डबे गटारात रिकामे केले. संध्याकाळपर्यंत गटार लाल-हिरवं वाहत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याचं अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

पुढे कधीतरी कुणीतरी सांगितलं, तुमचा मुलगा मोठ्या शहरात दिसला, पाट्या रंगवत होता. तेव्हापासून काम थंडावलं की बाबा वर्षातून एकदा इथे यायचे. दिवसभर पायपीट करायचे आणि सुजलेले पाय घेऊन परतायचे. आई दारातच विचारायची. ते नकारार्थी मान हलवायचे. गेल्या खेपेला ट्रामच्या पायरीवरून पडून त्यांनी गुडघा फोडून घेतला, म्हणून या वर्षी आईनं थोरलीला सोबत धाडलं होतं.

थोरलीनं पर्समध्ये फोटो आणला होता. रंगाच्या दुकानात, चहाच्या गाड्यावर, पुलाखाली पुठ्ठे अंथरून पडलेल्या माणसांत, जिथे जमेल तिथे ती तो पुढे करत होती. रंगाच्या दुकानदारानं फोटो हातातही घेतला नाही.

"आता कोण रंगवतं पाट्या, बाई? सगळं छापून येतं. ती माणसं गेली कुठल्या कुठे."

पुलाखालच्या एकानं फोटो बराच वेळ न्याहाळला, "हा मीच," असं म्हणाला आणि हसत सुटला. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. ती चटकन मागे सरली.

बाबा या सगळ्यात कुठेच नव्हते. ती विचारत असे तेव्हा ते चार पावलं लांब, दुसरीकडे तोंड करून उभे राहत. दुपारपर्यंत तिचा पारा चढला.

"मी एकटीच शोधतेय की काय? तुम्हीही विचारा ना कुणाला तरी."

"तू विचारतेयस ना," ते म्हणाले. "चल, खालून गाडी धरू."

भुयारी स्टेशनच्या खांबावर हरवलेल्या माणसांचे कागद चिकटवले होते, एकावर एक, इतके की खांब जाडजूड दिसत होता. खालच्या कागदांचे नुसते कोपरे उरले होते. कुणाचा कान, कुणाचा अर्धा डोळा. थोरली तिथेच थबकली. बाबांनी खांबाकडे पाहिलंही नाही. ते सरळ यंत्रापाशी गेले, बटणं दाबली, दोन तिकिटं काढली आणि सरकत्या जिन्याकडे वळले. पुढे एका ठिकाणी गाडी बदलायची होती. तिथेही ते कुणाला न विचारता उतरले आणि लांबलचक बोगद्यातून बरोबर पलीकडच्या फलाटावर आले. इतक्या वर्षांत पाठ झालं असेल, असं तिला वाटलं. घरी साधा रिमोट हातात घ्यायला ते कचरत.

शेवटच्या स्टेशनवर दोघं बाहेर आले. इथे शहर संपत आल्यासारखं दिसत होतं. बंद पडलेला कारखाना, त्याच्या भिंतीला लागून एकसारख्या इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. बाबा तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना गुडघ्यावर हात टेकत, न थांबता चढले. एका दारापुढे ते उभे राहिले. चौकटीवरून अंगठा फिरवला.

"फुगलीय," ते स्वतःशीच बोलले. मग त्यांनी दार वाजवलं.

दार एका तरुण बाईनं उघडलं. तिच्या कडेवर झोपाळलेली मुलगी होती. बाबांना बघताच तिचा चेहरा खुलला.

"अगंबाई, काका! या ना. मला वाटलं, या वर्षी विसरलात."

थोरलीनं बाबांकडे पाहिलं. बाबा चपला काढत होते.

"दुकान झालं का सुरू?" बाईनं विचारलं. "दर वर्षी म्हणता, सुरू झालं की पाटी रंगवायला देतो."

"होतंय, होतंय," बाबा म्हणाले. "ही माझी मुलगी."

"बसा ताई. आणि हे नेमके घरी नसतानाच येता हो काका तुम्ही! संध्याकाळपर्यंत थांबा की. सहाच्या गाडीनं येतात."

"नको, आम्हाला लांब जायचंय."

ती चहा टाकायला आत गेली. खोली लहान होती. कोपऱ्यात ब्रश उभे करून ठेवलेले, आणि भिंतीला टेकवलेली अर्धवट पाटी. पाटीवर तीनच अक्षरं झाली होती. त्यांची शेपटं खाली जाता जाता बारीक झाली होती. थोरलीनं आपले हात मांड्यांखाली दडपले. 

चहा आला. कप धरल्यावर तिच्यानं राहवेना.

"तुमच्या ह्यांच्या घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही हो." बाई मुलीला थोपटत म्हणाली. "आई-वडील लहानपणीच गेले. एक थोरली बहीण होती, तीही तापानं गेली. फार जीव होता म्हणे तिच्यावर. अजून कधी कधी तिचं सांगत बसतात."

थोरलीनं चहाचा घोट घेतला. तोंड पोळलं, तरी तो तिनं गिळला.

"म्हणून तर म्हातारी माणसं घरी आली की मला बरं वाटतं," बाई बोलतच होती. "गेल्या वर्षी मी ह्यांना सांगितलंसुद्धा. म्हटलं, ते सुतारकाका पुन्हा येऊन गेले, चौकट फुगलीय म्हणाले.  हे नुसते ब्रश धूत बसले कितीतरी वेळ."

बाबांनी कप खाली ठेवला. झोपलेल्या मुलीच्या पायाकडे त्यांचा हात गेला आणि मध्येच थांबून गुडघ्यावर परत आला.

"निघतो पोरी," ते म्हणाले.

थोरली त्यांच्यामागून जिना उतरली. कारखान्याच्या भिंतीपाशी तिचा बांध फुटला.

"आई रोज त्याच्यासाठी एक ताट जास्तीचं घासून ठेवते, बाबा. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं? केव्हापासून?"

"त्याची मुलगी झाली नव्हती तेव्हापासून."

"आणि गप्प बसलात! आईला एका शब्दानं..."

"तिला सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी इथे येऊन दारात बसली असती. आणि तो इथूनही गेला असता. त्याला पुन्हा शोधायला माझ्याकडे पाय उरले नाहीत."

त्यांनी भिंतीला हात टेकला.

"गेल्या वर्षी बायकोनं सांगितलं त्याला. म्हणजे कोण आलं ते त्याला कळलंच असणार. मला वाटलं, या खेपेला दाराला कुलूप असेल." त्यांनी श्वास घेतला. "तो अजून तिथेच आहे."

"मग आज मला का आणलंत?"

"तुझ्या आईनं पाठवलं म्हणून," ते म्हणाले. मग गुडघ्यावर हात ठेवून, "आणि पुढच्या वर्षी मला हा जिना जमेलसं वाटत नाही."

स्टेशनात येईपर्यंत दिवस कलला होता. समोरच्या फलाटावर शहराकडून येणारी गाडी शिरत होती. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, सहा वाजत आले होते, आणि ते खांबामागच्या बाकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

"आपली गाडी आली की सांग," ते म्हणाले.

पलीकडे दारं उघडली. दमलेली माणसं लोंढ्यानं बाहेर पडू लागली. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या खांद्यावर अवजारांची पिशवी. थोरलीनं पहिले काही चेहरे पाहिले, एकेक करून, अधाशासारखे. मग तिनं फलाटाकडे पाठ फिरवली आणि बाबांच्या मागे अशी उभी राहिली, की पलीकडून ते कुणाला दिसू नयेत.