पहिली भाकर

सुतकाच्या घरी राख सावडेपर्यंत चूल पेटत नाही आणि पाहुणा तिथं पाण्याचा घोटही घेत नाही, हे नेर तालुक्यातल्या खेड्यांत कोणाला शिकवावं लागत नाही. वच्छलाबाईंनी जन्मभर हे पाळलं, दुसऱ्यांनाही पाळायला लावलं; या बाबतीत त्या अख्ख्या गावाला भारी होत्या. आता सुतक त्यांच्याच घरी आलं होतं. एकुलता एक पोरगा नयन मोटरसायकलवरून पडला, आठवडाभर यवतमाळच्या दवाखान्यात झुंजला आणि काल गेला.

दुपारी नागपूरहून संघर्ष आला. चित्रकलेच्या कॉलेजात नयनसोबत एका खोलीत राहणारा. मित्राच्या मातीला पोचता आलं नाही म्हणून बिचारा मान वर करत नव्हता. सोबत जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक चित्र होतं.

"काकू, हे त्याचं अर्धं राह्यलेलं. एका जुन्या डच चित्रकाराचं पाहून काढून राह्यला होता. पन बाई त्यानं तुमच्यावरून काढली."

चित्रात एक बाई दारापाशी काटक्या वेचत वाकली होती. नाक वच्छलाबाईंचं, कपाळावरच्या आठ्यासुद्धा त्यांच्याच.

"माह्या आठ्या बऱ्या ध्यानात राह्यल्या त्याच्या," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसून पुन्हा पाहू लागल्या. बाईच्या मागे एक लहान पोरगं होतं, समोर हात पसरलेला म्हातारा.

"हा काय मागून राह्यला?"

"भाकर. बायबलातली गोष्ट आहे. दुष्काळ पडला. या विधवेजवळ मूठभर पीठ उरलं, तिच्या अन् पोराच्या शेवटच्या भाकरीपुरतं. हा म्हणते, अगोदर माह्यासाठी कर. तिनं केली. मंग तिचं पीठ सरलंच नाही."

"अन् पोरगं?"

संघर्षला वेळेवर खोटं बोलता येत नसे. माणसाला कधीकधी ते यायला हवं.

"ते पुढं मेलं, काकू. मंग त्या म्हाताऱ्यानं देवाले विनवून त्याले उठवलं."

वच्छलाबाई उठल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. डब्याच्या तळाशी थोडं ज्वारीचं पीठ होतं. दवाखान्याच्या धावपळीत गिरणीवर कोण जाणार? काडी ओढल्याचा आवाज आला तसे ओसरीवर बसून सगळं ऐकत असलेले त्यांचे यजमान वामनराव धावत आले.

"काय करून राह्यली? राख सावडायची आहे अजून. त्याले शेजारी धाडतो ना जेवायले."

"शेजारच्या भाकरीनं ते होत नाही."

"काय होत नाही?"

त्यांनी डबा परातीत उपडा केला. वामनरावांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. त्यांनी तिला समजावलं नाही. चुलीपाशी बसून ते काटक्या मोडून देऊ लागले.

वच्छलाबाईंनी भाकर आणि मीठ ताटात वाढून संघर्षपुढे ठेवलं आणि समोर बसल्या. सकाळपासून उपाशी असलेल्या पोरानं घास मोडला, तोंडात घातला, वर पाहिलं. काकू त्याच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या दाराकडे पाहत होत्या. आपण ती गोष्ट कोणाला सांगून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं आणि घास तोंडातच फिरू लागला.

"काकू, मी..."

वच्छलाबाईंनी दारावरची नजर काढली आणि पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"जेव बाप्पा. तुह्यानं ते होत नाही, मले समजते. पन तू जेव."