घरात कुणी आभार मानतं का?

"काल दिवा घालवायच्या आधी तुम्ही विचारलंत, माझं शिवून झालं का म्हणून," बायको म्हणाली आणि तिने किटली खाली ठेवली. "नुसताच घालवला नाहीत. बरं वाटलं मला."

कुलूपवाल्याचा कप ओठांपाशीच थांबला.

"मग?"

"मग काही नाही. आभार मानले. प्या, निवतोय चहा."

एवढं बोलून ती भांड्यांकडे वळली. तो कपात बघत बसला, जणू चहातच काहीतरी घातलं होतं.

हे असं बरेच दिवस चाललं होतं. एका सकाळी तिने त्याचे आभार मानले, कारण त्याने जिन्यात तिच्या हातातली पिशवी घेतली होती. दुसऱ्या सकाळी, खोकला आला तर तो तोंड भिंतीकडे करून खोकला होता म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की दोघांच्या भांडणांनाही टक्कल पडलं होतं. तेवढ्या वर्षांत ती त्याला नाही नाही ते बोलली होती, पण आभार कधी मानले नव्हते. त्यानेही नाही. आपल्या माणसाचे आभार कोण मानतो? आभार मानायचे ते परक्याचे, रस्ता सांगणाऱ्याचे, रांगेत पुढे जाऊ देणाऱ्याचे. घरच्या माणसाचे आभार मानायचे म्हणजे त्याला पाहुण्याच्या खुर्चीत बसवायचं.

कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

त्याचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक माणूस आत बसला की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. समोर शिंप्याचं दुकान. शिंपी त्याचा जुना दोस्त, आणि ज्याला सांगू नये त्यालाच माणूस सांगतो.

"रोज म्हणते?" शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"रोज. सकाळी, चहाबरोबर."

"तोंडाने?"

"नाही, हाताने! तोंडानेच रे."

"आणि आवाज कसा असतो? टोमणा वगैरे?"

"तेच तर. टोमणा असता तर मी निवांत असतो."

शिंप्याने कापडावर खडूची रेघ ओढली आणि मान हलवली. "सांभाळ बाबा. सभेत आभार कधी मानतात? सगळं उरकल्यावर. त्यानंतर खुर्च्या उचलतात."

शिंपी आपल्याच विनोदावर हसला. कुलूपवाल्याला हसू आलं नाही. नवऱ्याला घराबाहेर ठेवून कुलूप बदलून घेणाऱ्या बायका त्याने पाहिल्या होत्या. ते नवरे मागाहून त्याच्याच दुकानापाशी येऊन रडायचे. "हल्ली तर किती गोड वागत होती हो!" प्रत्येकाचं तेच. त्याला नवल वाटायचं नाही. कुलूप जायच्या आधी कुरकुरतंच असं नाही. कधी कधी ते लोण्यासारखं फिरायला लागतं. मालक खूश होतो, आणि आतल्या पिना झिजलेल्या असतात.

त्या दिवसापासून तो बायकोवर नजर ठेवू लागला. संशयाला डोळे दिले की तो सगळीकडे बघतो. ती हल्ली गाढ झोपत होती. बहीण गेल्यापासून तिची झोप उडाली होती, रात्र रात्र ती खाटेच्या कडेला बसून असायची. आता चक्क घोरत होती. ही एवढी निश्चिंत कशाने झाली? दर आठवड्याला एकदा दुपारी ती दवाखान्यात जायची, पण येताना हातात औषधाची बाटली नसायची. आणि तिचं ते लोखंडी कपाट! ती पहिल्यापासून त्याला कुलूप लावायची, किल्ली स्वतःजवळ ठेवायची. इतकी वर्षं त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता घरात शिरलं की पहिलं ते कपाटच दिसायचं.

ती दवाखान्यात गेली त्या दुपारी तो दुकान बंद करून घरी आला. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नेम. ओल्या कपड्यांनी कुडकुडणारी माणसंसुद्धा त्याने, मालक बरोबर नाही म्हणून, परत पाठवली होती. आपल्याच घरात कसला नेम, असं त्याने मनाला सांगितलं, पण दाराला आतून कडी घातली. घातली, यातच सगळं आलं.

कपाट उघडायला त्याला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही.

आत तिचे कपडे होते. कपड्यांच्या मध्ये वासासाठी ठेवलेल्या साबणाच्या वड्या. मेलेल्या बहिणीची शाल. जुना चष्मा. आणि सगळ्यात मागे, शालीखाली, गोड बिस्किटांचा डबा. डॉक्टरांनी त्याला गोड बंद केलं होतं, म्हणून तिने तो त्याच्यापासून लपवला होता.

तो खाली जमिनीवर बसला. एक बिस्कीटही त्याच्याने खाववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला, कप आला. आभार आले नाहीत.

"माझं कपाट कुणी उघडलं?" तिने विचारलं.

"कोण उघडणार? किल्ली तर तुझ्याजवळ."

"कुलपाच्या तोंडाशी ओरखडा पडलाय."

"शक्यच नाही!" तो ताडकन म्हणाला. "माझ्या हातून आजवर एक ओरखडा..."

आणि तो थांबला.

"ओरखडा नाहीच आहे," ती म्हणाली. "शालीची घडी उलटी आहे."

त्याने मान खाली घातली. ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय शोधत होतात?"

"तू अशी एकदम... आभार मानायला लागलीस. मला वाटलं, तू जायला निघालीस."

"या वयात? कुठे?"

"ते कळेना म्हणून तर उघडलं."

ती हसली नाही. समोर बसली, हे ती सकाळच्या घाईत कधी करत नसे. "झोप येत नाही म्हणून गेले होते दवाखान्यात. तिथली नर्स म्हणाली, गोळ्या नकोत. आठवड्याला येऊन बसत जा, बोलत जा. आणि रोज सकाळी, जे माणूस अजून आहे त्याला, त्याची एक बरी गोष्ट तोंडावर सांगत जा. मलाही आधी ते थोतांडच वाटलं. पण मी ताईला कधीच काही सांगितलं नव्हतं. इतकं केलं तिने माझ्यासाठी. म्हटलं, तुमचं तरी राहू नये." ती उठली. "झोप लागायला लागली होती. असो. आता नाही म्हणणार. संशयी माणसाला काय सांगायचं?"

तिने शब्द पाळला. सकाळी चहा मिळायचा, चहाबरोबर काही नाही. हवं होतं तेच झालं होतं, आणि घर खायला उठलं होतं. काही दिवसांनी तिचं घोरणं थांबलं. अंधारात खाट कुरकुरली की त्याला न बघता कळायचं, ती उठून बसली आहे. कुलूप बंद का पडलं हे त्याला दुसऱ्यांच्या दारात चुटकीसरशी कळत असे. चालतं कुलूप उगाच खोलून ठेवणाऱ्याला तो स्वतः मूर्ख म्हणत आला होता.

एका सकाळी ती त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. त्याने चहा संपवला, पण उठला नाही.

"चहा चांगला झालाय."

"रोजचाच आहे. काय हवंय तुम्हाला?"

"काही नको." त्याने घसा खाकरला. शब्द त्याच्या तोंडात नव्या किल्लीसारखे अडकत होते. "विचारायला पाहिजे होतं मी तुला. न विचारता उघडलं, ते चुकलं."

ती घासत राहिली. पाणी वाहत होतं.

"आणि... तू सकाळी भांडी आपटतेस ना. मी तुला ओरडतो त्यावरून. पण जाग आल्यावर आधी तीच ऐकू येतात. मग कळतं, तू आहेस. बरं वाटतं."

तिने नळ बंद केला. मागे वळली नाही. ओले हात तसेच धरून उभी राहिली, बोटांवरून पाणी गळत होतं.

"पाण्यात नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत सांगा."