पहिला पर्याय

"हे नांदेड कुणी वर टाकलं?" राजेश्री मॅडमनी विचारलं.

संघप्रिया खाली बघत उभी राहिली. प्रयोगशाळेतल्या एकमेव चालू संगणकावर तिची इंजिनिअरिंग प्रवेशाची पसंतीयादी उघडी होती. सगळ्यात वर नांदेडचं एक खासगी कॉलेज आणि पार तळाशी पुण्याचं सरकारी.

"मीच," ती म्हणाली. "ते लागतंयच म्हणून."

पालमच्या या कनिष्ठ महाविद्यालयात मॅडम भौतिकशास्त्र शिकवत आणि दर जुलैत हे उत्तर ऐकत. मुलं यादी उलटी भरत. नक्की मिळणारं वर, हवं असलेलं खाली, आणि ज्याची खरी ओढ ते कधीकधी यादीतच नसे. मॅडम फळ्यावर समजावत, की यादी वरून खाली वाचली जाते. वरचं मिळालं नाही तर खालचं बघतात, वरचं मागितल्याची शिक्षा होत नाही. पण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो बंधनकारक, पुढच्या फेऱ्या बंद. मुलं माना हलवत, "हो मॅडम" म्हणत आणि घरी जाऊन पुन्हा उलटी भरत. मागच्या वर्षी भागवत नावाच्या मुलाने पुणं हवं असताना परभणी वर टाकलं होतं. का, तर एसटीचा पास निघतो.

"तुला काय हवंय?"

"पुणं," संघप्रिया इतक्या हळू म्हणाली, जणू शेजारच्या वर्गात ऐकू जाईल.

मॅडमनी पुणं उचलून वर नेलं, नांदेड खाली ढकललं. तिच्या वडिलांना फोन लावला. सिद्धोधन गंगाखेडला कारखान्यावर कामाला होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, वरचं लागंल का. मॅडमनी मागच्या वर्षीचे आकडे बघितले होते. शक्यता चांगली आहे, असं त्या म्हणाल्या. म्हणजे नक्की नाही का, असं त्यांनी विचारलं. नक्की कुणीच सांगू शकत नाही, असं मॅडमनी उत्तर दिलं, कारण ते खरं होतं.

यादी कायम करायचा ओटीपी वडिलांच्याच मोबाइलवर येणार होता आणि तोवर त्यांची कारखान्यातली पाळी सुरू झाली. ते काम संध्याकाळी घरीच करायचं ठरलं. निघताना मॅडमनी बजावलं, आता काही हलवू नकोस.

निकालाच्या दिवशी संघप्रियाबरोबर तिची आई पेढ्यांचा पुडा घेऊन प्रयोगशाळेत आली. सुकेशनीबाई अंगणवाडी सेविका. सुटी टाकून आल्या होत्या.

"जय भीम मॅडम. पयल्याच फेरीत पयला नंबर लागला की वो लेकराचा."

"पुण्याला?" मॅडमनी पेढ्यासाठी हात पुढे केला.

"पुण्याला कशाला? नांदेडला. माझी भैन हाय तिथं."

पेढा हातात तसाच राहिला. आई बाकीच्या शिक्षकांना पेढे द्यायला बाहेर गेली. मॅडमनी संघप्रियाची यादी उघडून बघितली. नांदेड पुन्हा वर. वर्षभर जी मुलगी मापनातली चूक दशांशापर्यंत शोधून काढायची, तिनेच हे केलं होतं. आता कुठल्या फळ्यावर डोकं आपटायचं, असं त्यांना झालं.

"मी लावून दिलं होतं ना?" त्यांनी संघप्रियाला विचारलं.

"पप्पा आल्यावर बसलो सगळे. पप्पा म्हन्ले, मॅडमच नक्की म्हणेनात. वरचं मागायचं आन् न्हाई भेटलं तर?"

"तर खालचं मिळालं असतं. नांदेडच मिळालं असतं. किती वेळा सांगितलं?"

"तसं न्हाई मॅडम. मागितलं आन् दिलं न्हाई, असं होतं मग."

"कुणाला कळणार होतं ते? यादी कोण बघतं?"

"आमाला तर कळलंच असतं की."

मग संघप्रियानेच विचारलं, पुण्याचं किती गुणांवर बंद झालं. खोटं सांगणं मॅडमना जमणारं नव्हतं. त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तिच्या शाखेतला, तिच्या प्रवर्गातला शेवटचा प्रवेश तिच्यापेक्षा खालच्या गुणांवर झाला होता. उपकरणावरचं वाचन पडताळावं तशी ती ओळ तिने दोनदा वाचली.

"आईला सांगू नका," ती म्हणाली.

तेवढ्यात आई परत आली. तिच्यामागे बारावीच्या चारपाच मुली होत्या, प्रात्यक्षिकाला आलेल्या.

"ईचारा दीदीला," आई त्यांना म्हणाली, "पयलाच नंबर कसा लावला ते. मॅडम, पुढच्या लेकरायला बी असंच भरायला सांगा."

संघप्रिया फळ्याकडे गेली. खडू घेऊन तिने एकाखाली एक रेघा ओढल्या आणि सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"हितं जे पाहिजे तेच," ती मुलींना सांगू लागली. "लागंल का न्हाई, ते आपण ठरवायचं न्हाई. घरी कुणी हलवायला लागलं तर हलवू द्यायचं न्हाई."

मुली लिहून घेऊ लागल्या. आई पुड्याचं झाकण हातात धरून दाराशी उभी होती आणि लेकीच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती.