काचेला फुटलेला घाम

मी गाडीची पुढची काच बोलतेय. तीच, जिच्यावर पावसाळ्यात तुम्ही चिडता, उन्हाळ्यात पडदे लावता आणि हिवाळ्यात बोटानं नावं लिहिता. उद्या सकाळी मला काढून टाकणार आहेत, तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगते.

वाळू भट्टीत वितळली आणि माझा जन्म झाला. दोन काचा आणि मध्ये एक चिवट पापुद्रा, अशी माझी घडण. म्हणून मला तडा गेला तरी मी कुणाच्या अंगावर कोसळत नाही. माझे पहिले मालक वैजापूरचे कांद्याचे व्यापारी कारभारीशेठ. त्यांनी मला आतून एकदाही पुसलं नाही, पण कधी बोलही लावला नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांनी गाडी विकली आणि मी संभाजीनगरच्या सातारा परिसरात, तात्यासाहेबांच्या दारात आले.

तात्यासाहेब मूळचे गंगापूरकडचे शेतकरी. मुलगा कृष्णा शेंद्र्याच्या कारखान्यात लागला म्हणून ते आणि आशाबाई शहरात राहायला आले, पण जीव सगळा शेतात. दर रविवारी गाडी घेऊन शेतावर जायचं, आणि रोज सकाळी दहावीतल्या नातीला, तनुजाला, उस्मानपुऱ्यात क्लासला सोडायचं. या दोन कामांवर त्यांचा मान टिकून होता. कृष्णा एकदा जेवताना सहज म्हणाला होता, "तुमचे डोळे गेले की गाडी विकून टाकू, आबा." तो विसरला. तात्यासाहेब विसरले नाहीत.

आणि डोळे खरंच चालले होते. घरात हे फक्त मला माहीत होतं. रोज स्टिअरिंगमागून ते माझ्याकडं बघायचे आणि मी त्यांच्याकडं. दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या उजव्या बुबुळावर दुधाची साय धरल्यासारखं दिसू लागलं, मग डाव्याही. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण काचेला तोंड कुठलं?

त्यात थंडी पडली आणि तात्यासाहेबांना निमित्त सापडलं.

झालं असं की या शेतकऱ्यानं गाडीलाही गोठ्यातल्या बैलासारखं जपायला घेतलं. थंडी बाधू नये म्हणून चारी काचा घट्ट वर, आणि कांद्यावर टाकतात तशी ताडपत्री वरून दोरीनं आवळलेली. आत काय? रविवारी शेतावरून आणलेली दहिवरानं भिजलेली मेथी, हरभऱ्याचे डहाळे, ओली पोती, चिखलाच्या चपला. भाजी उतरवली तरी पोती आतच. ती सगळी ओल रात्रभर कोंडायची आणि पहाटे मी गार पडले की माझ्याच अंगावर येऊन बसायची. उत्तरेकडच्या गाड्यांना म्हणे आतून बर्फ धरतो. आमच्याकडं एवढी थंडी नाही, पण मला घाम फुटायचा तो असा की बाहेरचं फाटक दिसू नये.

तात्यासाहेब उपरण्यानं मला खसाखसा पुसायचे. उपरणं धुक्यानं आधीच ओलसर, त्यामुळं पुसून नुसते ओरखडे उठायचे. वर बाहेरची हवा बंद करायचं बटण दाबून ठेवायचे, गार वारा नको म्हणून. मग दोघांच्या श्वासांची वाफही माझ्याच वाट्याला.

एका सकाळी वळणावर दूधवाल्याची मोटारसायकल किटल्यांसकट अंगावर आली. म्हणजे आम्हीच तिच्या अंगावर गेलो. तनुजा किंचाळली, ब्रेक लागला, दूधवाला शिव्या देत निघून गेला.

"ही काचच भिकार हाय," तात्यासाहेब म्हणाले. "काय दिसंल हिच्यातनं?"

नाचता येईना अंगण वाकडं! मला फार लागलं. आणि भीतीही वाटली, कारण वाफेची चूक अर्धीच होती. उरलेली अर्धी त्यांच्या डोळ्यांत होती, आणि शेजारी पोर बसलेली होती.

तनुजा गप्प बसणारी नाही. शेजारचे साहेबराव कंपनीची बस चालवतात. त्याच संध्याकाळी ती त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी दार उघडलं, वास घेतला आणि हसले.

"तात्या, ही गाडी हाय का भाजीची टोपली? घाम बाहेरून नाय येत, आतल्या ओलीनं येतो. पोती काढा. पायपुसणी उन्हात टाका. ताडपत्री फेका, गाडी छपराखालीच तर हाय. काच बोटभर खाली ठिवा, वारा खेळू द्या. आन् गाडी चालू केली की बाहेरची हवा घ्या. लईच वाफ धरली तर थोडा येळ एसी लावा."

"थंडीत एसी?" तात्यासाहेब म्हणाले. "लोक येड्यात काढतील."

"काढू द्या. एसी हवंतली ओल वढून घेतो."

आशाबाईंनी जुन्या मोज्यात खडेमीठ भरून गाठ मारली आणि माझ्या पायाशी ठेवलं. मीठ ओल पितं, हे लोणची घालणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. दुपारी त्या तो मोजा उन्हात टाकायच्या. तनुजानं मला आतून धुतलं आणि कोरड्या वर्तमानपत्रानं चकचकीत केलं. चौथ्या दिवशी पहाटे माझ्या अंगावर एक थेंब नव्हता. इतकी स्वच्छ मी कारखान्यातून निघाले तेव्हाच असेन.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा सगळा जीव त्या बुबुळांकडं लागला होता. आता तात्यासाहेबांकडं सबब उरली नव्हती.

ते बसले. समोर बघितलं. पापण्या मिटून उघडल्या. मग उपरणं काढलं आणि मला पुसू लागले.

"आबा, काच कोरडी आहे," तनुजा म्हणाली.

"वाफ हाय अजून. तुला नाय कळत."

गाडी निघाली. बीड बायपासला लागलो तेव्हा नुसतं फटफटलं होतं. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, पंक्चर झालेली. मागं ना दिवा, ना लाल फडकं. मला ती लांबूनच दिसली. तनुजा वहीत बघत होती. तात्यासाहेब सरळ समोर बघत होते, आणि त्यांचा पाय काही ब्रेककडं जात नव्हता. ट्रॉली मोठी होत गेली. ऊस एकेक करून मोजता येईल इतकी जवळ आली.

"आबा! ट्रॉली!"

टायर किंचाळले. गाडी थांबली तेव्हा एक लांब ऊस माझ्या डाव्या कोपऱ्यात घुसला होता, तनुजाच्या तोंडापासून दोन वितींवर. कट्ट आवाज झाला आणि तडा वरपर्यंत गेला. पण मी फुटून पडले नाही. पडले असते तर पोरीच्या चेहऱ्यावरच पडले असते.

तनुजानं तळहात माझ्यावरून फिरवला आणि आजोबांच्या हातात दिला.

"बघा आबा. कोरडा आहे."

तात्यासाहेबांनी तो हात धरून ठेवला.

"दिसत नाय मला, तनू. दिवाळीपासनं दिसत नाय. गावाकडल्या कडूबादादाचा डोळा आप्रेशनानं गेला, म्हणून भ्यालो. कृष्णाला नको सांगू."

"मी नाही सांगणार," ती रडत म्हणाली. "तुम्हीच सांगायचं. आत्ता."

तिनं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. तात्यासाहेब रस्त्याकडं बघत सगळं बोलले, ट्रॉलीसकट. कृष्णा पाळी सोडून आला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं आधी पोरीला जवळ घेतलं आणि मग बापाला.

कडूबादादांच्या डोळ्याचं खरं आशाबाईंनी दवाखान्याच्या वाटेवर सांगितलं. ऑपरेशन नीटच झालं होतं; आठव्या दिवशी ते ज्वारीच्या मळणीवर जाऊन धुळीत उभे राहिले होते. डॉक्टर एवढंच म्हणाले की मोतीबिंदू पिकला आहे, आणि तारीख दिली.

तुमच्या गाडीला आतून घाम येत असेल, तर ओल बाहेर काढा आणि वारा आत घ्या, एवढ्यानं भागेल. पण घरातलं कुणी कोरडी काच पुसत बसलं असेल, तर कृपा करून काचेवर आळ घेऊ नका. त्या माणसाला हाताला धरून दवाखान्यात न्या.

परवा तात्यासाहेबांच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. आज सकाळी ते आशाबाईंना घेऊन गाडीत येऊन बसले. चावी कृष्णाकडं, गाडीला हात लावायची बंदी. नुसतेच बसले. काळा चष्मा थोडा वर करून माझ्यातून बाहेर बघत राहिले.

"तारेवर सात पारवे हायेत," ते म्हणाले.

"मग काय तर," आशाबाई म्हणाल्या. "रोजच असत्यात."

तात्यासाहेबांनी माझ्या तड्यावरून बोट फिरवलं. "हिच्यात काय खोट नव्हती गं. उगंच बदनाम केली." मग ते बायकोकडं वळले आणि बघतच राहिले.

"असं काय बघता?"

"दिवाळीपासनं तुझं तोंड दिसलं नव्हतं मला."

आशाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "एवढं तरी सांगायचं व्हतं की मला," त्या म्हणाल्या. मी कोरडीच होते. उद्या दहाला मिस्त्री नवी काच घेऊन येणार आहे.