सगळ्यात खालचं शेत

पहिल्या दिवशी मी नऊ पोरं मोजली. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी मोजायचंच नाही असं ठरवलं, आणि तरी मोजली. सतरा. सगळी शेजारच्या किवियाच्या बाजूला, अव्होकाडोच्या झाडाखाली.

त्या दिवशी माझ्या ओसरीवर दोघं होती. त्यातल्या एकाचा पाय मुरगळला होता.

चौतीस वर्षं मी गावच्या शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावरही शाळा सुटली की पोरं माझ्याकडे यायची. ओसरीवर फळा होता. खडू मी स्वतः मोशीच्या बाजारातून आणायचो. कुणाच्या आईने केळ्यांचा घड आणून ठेवला तर ठेवला, नाहीतर नाही. डोंगराच्या या अंगाला असं घर नाही, जिथलं कुणी ना कुणी माझ्याकडे वजाबाकी शिकलेलं नाही.

आणि किविया! किविया माझ्याबरोबर तिसरीत होता. सातचा पाढा त्याच्या डोक्यात शिरला नाही, म्हणून बापाने त्याला शाळेतून काढून गायींच्या गवताला लावलं. पुढे तो पाटकरी झाला. वरच्या जंगलातून येणारं पाणी कुणाच्या केळीला कधी सोडायचं आणि किती वेळ, हे सांगायचं काम. दोनेक महिन्यांपूर्वी गुडघे गेले, तेव्हा पाट मुलाच्या हवाली करून तो झाडाखाली बसला आणि पोरांबरोबर चिखलात खेळायला लागला.

चौथ्या दिवशी मी कॉफीची पिकलेली फळं तोडायच्या निमित्ताने कुंपणापाशी गेलो. आमच्याकडे कुंपण म्हणजे इसालेची रांग. लांब हिरव्या पानांचं झुडूप. दोन बागांमध्ये इसाले उभी असली की दगड नको, तार नको.

पोरांनी झाडाखाली मातीचा डोंगर केला होता, माझ्या कमरेएवढा. पाटातून एक धार आणून त्याच्या माथ्यावर सोडली होती. डोंगराच्या अंगावर बोटभर रुंदीचे पाट, वाफे, आणि वाफ्यावाफ्यांमध्ये हद्दीला इसालेच्या काड्या खोचलेल्या. प्रत्येक पोराचं एक शेत.

"आजोबा, हा सोडतच नाही पाणी!" आठ वर्षांची ऐकुंडा ओरडली. दोन महिन्यांपूर्वी ही माझ्या पहिल्या रांगेत बसायची.

"का रे बाबा?" किविया म्हणाला. "वरच्याने ढेकर येईपर्यंत प्यायचं, मग खालच्याने काय डबकं चाटायचं?"

"माझं शेत मोठं आहे!"

"मग सांग, किती मोठं?"

पोरगा डोकं खाजवू लागला. पण ऐकुंडाने उत्तर दिलं. "त्याचं माझ्या दीडपट. म्हणजे पाणी घेताना मी दहा अंक मोजले तर त्याने पंधरा मोजायचे. त्याने वीस मोजले. लबाड!"

माझ्या हातातली फळं खाली पडली. दीडपट! अपूर्णांक या पोरीला शिकवताना मी तीन महिने फळ्यावर भाकऱ्या काढल्या होत्या. अर्धी भाकरी, पाव भाकरी. तिला त्या वेळी फक्त भूक लागायची. आणि सातचा पाढा न येणाऱ्या माणसाने एक अक्षर न लिहिता ते तिच्या डोक्यात घातलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मास्तरला व्हायलाच हवा. मला झाला नाही. छातीत कुणीतरी ओलं लाकूड पेटवल्यासारखं झालं. ज्वाळ नाही, नुसता धूर.

त्याच धुरात मला ते झाड दिसलं.

ते झाड माझं होतं. माझ्या आईने ते लावलं, तेव्हा हद्द झाडाच्या पलीकडून जायची. पण इसाले जिवंत असते. आमच्या बाजूला ऊन जास्त, म्हणून ती इकडे झुकायची. झुकलेलं खोड जमिनीला टेकलं की तिथे मूळ धरायचं, मागचं जुनं खोड कुजायचं. चाळीस वर्षांत कुंपण सात पावलं चालून आलं आणि झाड किवियाच्या अंगणात गेलं. यात कुणाचाच हात नव्हता. मला हे वीस वर्षं ठाऊक होतं. सात पावलांसाठी कोण भांडणार, म्हणून मी गप्प होतो.

आता मी घरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "मोशिरोबाबांना निरोप पाठवतो. हद्द उकरून बघायला हवी."

अनासिया केळी सोलत होती. सुरी थांबली नाही. "वीस वर्षांनी? कशासाठी, मांकाचे बाबा?"

"माझी जमीन आहे."

"जमीन हवी आहे की पोरं?"

"मला न्याय हवा आहे."

"अगंबाई," ती केळीच्या सालींना म्हणाली, "न्याय हवाय म्हणे. कॉफीची फळं अजून कुंपणापाशीच पडली आहेत, ती तरी उचलून आणा."

शनिवारी गावचे निवाडे करणारे मोशिरोबाबा आणखी दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले. मी रिवाजाप्रमाणे म्बेगेचा, म्हणजे केळ्याच्या दारूचा, घडा मांडला. भोपळ्यातून एकेक घोट सगळ्यांनी घेतला, किवियानेही. पोरं लांब बांधावर ओळीने बसली होती.

"बोल मास्तर," मोशिरोबाबा म्हणाले.

मी चांगलं बोललो. चौतीस वर्षं बोलण्याचंच काम केलं आहे. माझी आई, तिची कोय, माझे वडील, जुनी रांग, सगळं क्रमाने सांगितलं. पोरांचं नाव मी एकदाही घेतलं नाही.

"किविया, तुझं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं मातीला विचारा," किविया म्हणाला, आणि गुडघे धरत उठून त्याने स्वतःच कुदळ घेतली.

वरचं झुडूप सरकतं, पण खोल गेलेलं मूळ जागा सोडत नाही. इसालेचं मूळ नारिंगी असतं, दुसऱ्या कुठल्याच मुळाशी त्याची गल्लत होत नाही. किविया झाडाच्या पलीकडे, पाटाच्या बाजूला उकरत राहिला. मला वाटलं, तो वरवर खणेल आणि सोडून देईल. मी असतो तर तसंच केलं असतं. तो कोपरभर खोल गेला. मग वाकून त्याने अंगठ्याएवढं जाड, कुजत आलेलं मूळ हातात धरलं आणि नखाने खरवडलं. आतून नारिंगी.

"मास्तर खरं बोलतो," तो म्हणाला. "झाड त्याचं आहे."

मला तो खोटा निघायला हवा होता.

त्याच दुपारी इसालेचे ताजे दांडे कापून मोशिरोबाबांनी नवी रांग लावली. ती झाड आणि पाट यांच्या मधून गेली. झाड माझ्याकडे आलं, सावली माझ्याकडे आली, पोरांचा डोंगरही माझ्याकडे आला. पाट किवियाकडे राहिला.

सोमवारी मी फळा उचलून झाडाखाली नेला. खडू, ओलं फडकं, स्वतःला स्टूल. शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली. थोड्या वेळाने पायवाटेवर आवाज आले, जवळ आले, माझ्या फाटकावरून पुढे गेले आणि किवियाच्या फाटकातून आत शिरले.

पोरं उन्हात बसली. किवियाने डोक्यावर केळीचं पान घेतलं होतं. पाटाच्या काठाला नवीन डोंगर सुरू झाला होता. मी पाठ फिरवून बसलो, पण राहून राहून मागे बघत होतो. तीन वाजता ऊन कललं तशी अव्होकाडोची सावली हळूहळू लांबली, नव्या रांगेवरून गेली आणि किवियाच्या अंगणात पोरांच्या डोक्यावर जाऊन बसली. तीसुद्धा तिकडे!

मंगळवारी ऐकुंडा रांगेपाशी येऊन उभी राहिली. पाय मात्र पलीकडेच. दुसऱ्याची इसाले विचारल्याशिवाय कुणी ओलांडत नाही, आणि हे या पोरांना मीच शिकवलं होतं.

"मास्तर, आमच्या डोंगराची माती नेऊ का? ती चांगली मळली होती."

"न्यायची कशाला? इथेच खेळा. सावली आहे."

"पण पाणी इकडे आहे."

"मी बादलीने आणून देतो. हव्या तेवढ्या बादल्या."

चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे मी जसं पाहत आलो असेन, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, बादलीतल्या पाण्याला पाळी नसते ना. मग भांडायचं कशावरून?"

ती गेली. तिने मातीला हात लावला नाही. न्यायची की नाही, ते मी सांगितलंच नव्हतं.

आठवडाभर मी त्या झाडाखाली बसलो. फळ्यावर पहिल्या दिवशी लिहिलेली तारीख तशीच होती. डोंगर वाळून भेगाळला. त्याचे पाट ढासळले. पण पोरांनी खोचलेल्या इसालेच्या काड्यांपैकी एकीला कोंब आला होता. तिची हद्द गेली होती, दोन्हीकडची शेतं गेली होती, तरी ती आपली जागा धरून उभी होती. पलीकडून हसू आलं की मी डोळे मिटायचो. झाड मिळालं होतं, आणि धूर तेवढाच होता.

अनासिया जेवण घेऊन आली. केळी आणि मांसाची वाटी तिने खोडापाशी ठेवली. "पुरे झालं की नाही अजून?"

"लोक काय म्हणतील? निवाडा मी जिंकलो आहे."

"निवाडा जिंकला आहात. मग जेवा." ती निघून गेली.

मी जेवलो नाही. जुन्या रांगेतलं एक लांब पान मी कापलं, मधोमध त्याची गाठ बांधली. आमच्या डोंगरावर गाठ मारलेलं इसालेचं पान हातात घेऊन कुणी दाराशी आला, तर समोरच्याला माफी नाकारता येत नाही, मग खून का झालेला असेना. एवढंच, की आणणाऱ्याने आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. मी सगळा वळसा घालून, रस्त्याने, किवियाच्या फाटकातून गेलो.

किविया उठायला लागला.

"बस, बस." मी पान पुढे केलं.

त्याने ते घेतलं नाही. "कशाबद्दल, मास्तर? जमीन तुझीच होती. मूळ मीच काढलं."

"उशिरा बोललो. वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

"ही काही चूक नाही. हा आळस आहे." त्याने पोरांकडे पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलं. "पान वाळेल. बोल."

एकोणीस तोंडं माझ्याकडे वळली होती. चौतीस वर्षांत इतका शांत वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

"पोरं तुझ्याकडे आली आणि मी जळलो," मी म्हणालो. "मला जमीन नको होती. तुझ्या झाडाखालची जागा रिकामी झालेली बघायची होती."

किवियाने पान घेतलं. गाठीवरून अंगठा फिरवला. "तू तिसरीत सातचा पाढा घडाघडा म्हणायचास," तो म्हणाला, "तेव्हा मी गवताचा भारा डोक्यावर घेऊन खिडकीबाहेर थांबायचो. तू अडखळावंस म्हणून. एकदाही अडखळला नाहीस. मी तेव्हा पान आणलं नाही, एवढाच फरक." मग त्याने ते पान नव्या डोंगराच्या माथ्यावर, जिथे पाणी पडत होतं तिथे खोचलं.

मला काय करावं कळेना. जावं की थांबावं?

"ऐकुंडा," मी विचारलं, "जुनी माती आणून दिली, तर मला एक शेत मिळेल का?"

तिने सगळा डोंगर वरपासून खालपर्यंत तपासला. "वरची सगळी दिली आहेत. सगळ्यात खालचं आहे. पण तिथे पाणी शेवटी येतं. आणि वाफा लहान आहे, माझ्या निम्मा."

"म्हणजे मी किती मोजायचे?"

"तुम्हीच सांगा."

"पाच."

"बरोबर," ती म्हणाली.

मी चिखलात मांडी घातली. पाणी पहिल्या शेतात शिरलं, दुसऱ्यात, नवव्यात. एकोणिसाव्यापाशी आलं आणि तिथेच थांबलं. ते त्या मुरगळल्या पायाच्या पोराचं शेत होतं. मी मनात मोजत होतो. दहा. अकरा. बारा.

"ए!" मी ओरडलो. "सोड की! माझी पाळी आहे!"