ताईची होडी पाणी पिते

काटकोन हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. तीस वर्षं कपाटं करून करून त्याने ते कमावलं होतं. त्याने जोडलेल्या दोन फळ्यांच्या सांध्यात नख शिरत नसे, आणि गिऱ्हाइकाला नख घालून बघायला लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अशा माणसाच्या कारखान्यात एके दिवशी त्याची थोरली बहीण आली आणि म्हणाली, "अरे, होडी दुरुस्त करशील का?"

"कुणाची?"

"माझी."

काटकोनच्या हातातला रंधा हातातच राहिला. ताई हॉस्पिटलच्या धुलाईघरात शिवणकाम करून नुकतीच निवृत्त झालेली. अठ्ठावीस वर्षं फाटक्या चादरी आणि पेशंटांचे झगे सांधले. पाण्याशी तिचा संबंध काय तो बादलीपुरता.

झालं होतं असं, की धक्क्याजवळच्या होडीदुरुस्तीच्या आवारात एक जुनी शिडाची होडी कित्येक वर्षं पालथी पडली होती. आवाराच्या मालकाला जागा हवी होती. ताई रोज तिकडे फिरायला जायची. होडीभोवती घुटमळताना त्याने तिला पाहिलं आणि थट्टेत म्हणाला, "न्या फुकट. पण चार महिन्यांनी, शेवटच्या शनिवारी, पाण्यात तरंगली पाहिजे. नाहीतर करवत लावीन." त्याला वाटलं, बाई हसून निघून जाईल. बाईने तिथल्या तिथे कागदावर लिहून घेतलं.

"वेड लागलंय का तुला?" काटकोन म्हणाला.

"लागू दे. जन्मभर लोकांचं फाटकं नीट केलं आणि परत देऊन टाकलं. एक तरी गोष्ट नीट करून माझ्याजवळ ठेवीन म्हणते."

काटकोन चपला घालून होडी बघायला गेला.

होडी कसली, नुसता सांगाडा. शिवाय तिच्यात काटकोन म्हणून नावाला नव्हता. जिथे बघावं तिथे वळण. त्याचा गुण्या, म्हणजे कोन तपासायचं ते लाडकं हत्यार, पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरून पेटीच्या तळाशी गेला.

पण ताईचं काम बघून तो चाट पडला. पैशांच्या नावाने आनंदच होता, तरी बाई अडली नाही. जुने पितळी स्क्रू एकेक काढून तिने व्हिनेगरमध्ये भिजवले, दात घासायच्या ब्रशने घासले आणि मुरंब्याच्या बरण्यांत मापाप्रमाणे लावून ठेवले. बंद पडलेल्या एका कॅफेच्या दारावरचं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड मागून आणलं आणि त्याचं शीड शिवायला घेतलं. घर दोन खोल्यांचं. शीड स्वयंपाकघरात सुरू व्हायचं, पलंगावरून जायचं आणि बाहेरच्या जिन्यात संपायचं. वरच्या मजल्यावरची मंडळी ते ओलांडून कामाला जायची आणि तीही कुरकुर न करता, कारण जाता-येता ताई त्यांची सुटलेली बटणं लावून द्यायची. रंग मिळाला हॉस्पिटलच्या कोठारात उरलेला. तो फिका हिरवा रंग बघून काटकोनची बायको म्हणाली, "वन्सं, ही होडी आहे की वॉर्ड नंबर तीन?" ताई सगळ्यांत जोरात हसली.

काटकोनला बहिणीचा अभिमान वाटायला लागला होता. तो तसं बोलला नाही, हा भाग वेगळा.

होडीच्या सात फळ्या कुजल्या होत्या. पाडलेल्या व्यायामशाळेच्या जमिनीच्या लांब फळ्या ताईने कुठून तरी मिळवल्या. त्या बसवायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "दोन फळ्यांमध्ये थोडी फट ठेव हं. आवारातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बजावलंय. फटीत सूत भरायचं. लाकूड पाण्यात फुगतं आणि आपली फट आपणच मिटवतं."

"फट?" काटकोनचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा झाला. "मी?"

"तू."

त्याने मान डोलावली. मग ताई शीड शिवायला घरी गेली, आणि या शहाण्याने आपल्या मनासारखं केलं. फळीला फळी अशी घट्ट बसवली, की बघणाऱ्याला सात फळ्यांची एकच फळी वाटावी. सांध्यांत केसभर सूत दाबलं, ते दाखवण्यापुरतं. वरून रंग दिला. ताईने तपासलं नाही. भावाचं काम बहीण कशाला तपासेल?

शनिवारला बारा दिवस उरले तेव्हा होडीत ओली पोती पसरली. लाकडाला पाण्याची सवय व्हावी म्हणून तसं करतात. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं आवारात पोचतात तोच आतून फाड्‌कन आवाज आला.

नव्या फळ्या फुगल्या होत्या, आणि फुगायला जागा नव्हती. दोन फळ्या पोट काढून बाहेर आल्या होत्या. स्क्रू उपसले गेले होते. फळ्यांना आतून धरून ठेवणारी एक बरगडी उभी चिरली होती. ताई वाकली, तिने सांध्यावरून बोट फिरवलं, आणि तिला सगळं कळलं. तिला कळलं हे त्यालाही कळलं.

आवाज ऐकून मालक धावत आला. "काय मोडलं?"

"बरगडी," ताई म्हणाली. "जुनी होती. गेली."

मालक मान हलवत परत गेला. काटकोन जमिनीकडे बघत उभा राहिला. ताईने त्याला चार शब्द सुनावले असते तर त्याला हलकं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "किती दिवस लागतील?"

"आठ."

"मग एक दिवस आपल्या हातात राहतो."

त्याने सातही फळ्या उतरवल्या. उन्हात वाळवल्या. चिरलेल्या बरगडीला लागून दुसरी बरगडी बसवली. मग स्वतःच्याच हातांनी साधलेल्या त्या देखण्या कडांवर त्याने रंधा चालवला. तीस वर्षांत असं अवघड काम त्याने केलं नव्हतं. प्रत्येक फळी बसवली, की तो ताईला हाक मारायचा. ती फट बघायची, सूत भरायची, आणि पुढच्या फळीकडे वळायची.

शनिवारी सकाळी यारीच्या, म्हणजे क्रेनच्या, पट्ट्यांत अडकवून होडी पाण्यात उतरवली. "पाच वाजता पट्टे सोडीन," मालक म्हणाला. "तरंगली तर तुमची. बुडायला लागली तर वर घेऊन करवत."

पाच मिनिटांत होडीत घोट्यापर्यंत पाणी. नव्या सांध्यांतून आलं, जुन्यांतूनही आलं. धक्क्यावर बघे जमले, कुणीतरी शिट्टी मारली. काटकोनने भेगा बुजवायच्या लांबीचा डबा उचलला. मिळेल त्या फटीत लांबी कोंबायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"ठेव तो डबा," ताई म्हणाली.

"अगं, बुडतेय ती!"

"पितेय. इतकी वर्षं कोरडी पडली होती. पिऊ दे."

त्याने डबा खाली ठेवला. मग दोघांनी एकेक बादली घेतली आणि उपसायला सुरुवात केली. तासभर उपसलं तरी पाणी घोट्याशीच. दुपार झाली. शिट्टी मारणारा जेवून परत आला, तरी ताईची बादली थांबली नव्हती. साठी जवळ आलेली बाई, पाठ मोडून यावी असं काम, आणि चेहऱ्यावर चादर सांधताना असावी तेवढीच घाई. काटकोन तिच्याकडे बघत राहिला. आपली बहीण किती मोठी आहे, हे आपल्याला या वयात कळावं याची त्याला लाज वाटली.

तीन वाजता दोन बादल्यांच्या मध्ये जरा दम खाता येऊ लागला. चार वाजता बादली टेकवायला पाणी पुरेना, म्हणून ताईने फडकं घेतलं. पाच वाजता मालक आला. यारी चालवणाऱ्याला त्याने खूण केली आणि पट्टे सैल झाले. होडी जराशी डुलली. मग राहिली, तशीच, पाण्यावर.

मालकाने आत उतरून तळाला हात लावला. "कोरडी आहे," तो म्हणाला, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. "फळ्या कुणी बसवल्या?"

"माझ्या भावाने," ताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. मान खाली घालून टाळ्या घेणं सोपं होतं.

"दोनदा बसवल्या," काटकोन म्हणाला. "पहिल्यांदा ताईने सांगितलेलं मी ऐकलं नाही. ती बरगडी जुनी होती म्हणून नाही गेली. माझ्यामुळे मोडली."

टाळ्या थांबल्या. मालकाने ताईकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?"

"हो," ताई ओलं फडकं पिळत म्हणाली. "आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. भाऊ आहे माझा."

काटकोनला चारचौघांत रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.